विषय: बाथरूमची भिंत उघडली आणि आत हे निघालं, काय करू?

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या कार्यक्रमांच्या मेलमध्ये घरचं रडगाणं लावतेय, चालवून घ्या. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमच्या फक्त टाइल्स आणि व्हॅनिटी (बेसिनचं कपाट) बदलायची होती. शॉवरच्या नळाखालची एक टाइल ठोकली की पोकळ वाजायची, ती काढली तर मागचं ड्रायवॉल (भिंतीचा जिप्समचा बोर्ड) भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं हातात आलं, आतलं लाकूड काळं पडलेलं आणि वास तर विचारू नका. खालच्या खोलीच्या छताला मात्र साधा डागसुद्धा नाही!! कॉन्ट्रॅक्टर म्हणतो ओलं तेवढं कापू, नवीन बोर्ड मारू, परवा टाइल्सवाला येतोच आहे. नवरा म्हणतो मारू दे एकदाचं. मला काही पटत नाहीये. कोणी यातून गेलंय का?

-----

ताई, आधी त्या टाइल्सवाल्याला फोन करून थांबवा, मग पुढचं वाचा.

आम्ही अगदी हेच केलं होतं, कापलं, बोर्ड मारला, वरून छान टाइल्स लावल्या, आणि दीड वर्षात तोच वास परत. कारण पाणी येतंय कुठून हे कोणी बघितलंच नव्हतं, आम्ही पण नाही. दुसऱ्यांदा फोडलं तेव्हा सापडलं, शॉवरचा दांडा भिंतीत जिथे एल्बोला, म्हणजे पाइपाच्या वाकड्या जोडाला बसतो तिथल्या आट्यांना टेफलॉन टेपच नव्हती. आंघोळ चालू असताना थेंब थेंब गळायचं, नळ बंद केला की थांबायचं. त्यामुळे प्लंबर येऊन बघायचा तेव्हा सगळं कोरडं आणि आम्ही वेडे!

तर असं करा. सगळे नळ बंद, वॉशिंग मशीन बंद, टॉयलेटचा पण कॉक बंद (टाकी गळत असेल तर उगाच घोळ होतो), आणि पाण्याच्या मीटरचा फोटो काढा. 2 तास कोणी पाण्याला हात लावायचा नाही. आकडा हलला तर प्रेशरचा पाइप गळतोय, म्हणजे दिवसरात्र. नाही हलला तर एकेक तपासायचं. बादलीभर पाणी भिंतीला न लागू देता थेट जाळीत ओता, ओलं झालं तर ड्रेन. मग शॉवर सोडा पण पाणी सगळं बादलीत धरा, तेव्हा ओलं झालं तर भिंतीतला पाइप. दोन्हीत काही नाही, तर मग टाइल्सच्या बाजूनेच आत शिरतंय. प्रत्येक वेळी मध्ये टॉर्च मारून बघा, घाई करू नका, आमचा अख्खा रविवार गेला होता.

आणि काळ्या लाकडात स्क्रूड्रायव्हर खुपसून बघा. टणक लागलं तर नुसता डाग आहे, लोण्यासारखा आत गेला तर ते लाकूड बदलायचं.

-----

वर लिहिणाऱ्या काकांशी सहमत, माझे दोन पैसे. लाकूड वाळल्याशिवाय भिंत बंद करू देऊ नका, वरून कोरडं दिसतं, आत ओल असते. मॉइश्चर मीटरचा (लाकडातली ओल मोजतो तो) आकडा साधारण 20 टक्क्यांच्या वर असेल तर अजिबात नाही, आणि घरातल्या दुसऱ्या कोरड्या लाकडाशी ताडून बघा. काळ्यावर ब्लीच मारून मोकळं व्हायचं हा पण एक आवडता उद्योग आहे, लाकडाच्या आतल्या बुरशीला त्याने फारसं काही होत नाही. घर जुनं असेल तर अजून फोडण्याआधी अ‍ॅसबेस्टॉसची टेस्ट (जुन्या बांधकामात असू शकतो, धूळ फुफ्फुसांना घातक).

आणि कॉन्ट्रॅक्टरला विचारा की बोर्डावर मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा थर, कुठलं लावणार. "सिमेंट बोर्ड आहे ना" असं उत्तर आलं तर समजा की गडबड आहे. तो बोर्ड कुजत नाही एवढंच, पाणी त्यातून आरामात जातं, टाइल्सच्या फटीतल्या ग्राउटमधून पण जातं. अडवतं ते मेम्ब्रेन.

-----

मंडळी, सापडलं!

मीटर हलला नाही, जाळीत ओतलं तरी कोरडं, बादलीत शॉवर धरला तरी कोरडं. मग नवऱ्याने वर उरलेल्या टाइल्सवर पाणी मारलं आणि मी भोकातून टॉर्च धरून बसले, तर नळाच्या दांडीमागे ती गोल प्लेट असते ना, तिच्या वरच्या कडेने धार आत! तिथे सिलिकॉन कधी लावलंच नव्हतं. पाणी उभ्या लाकडावरून खाली जाऊन तळाच्या आडव्या पट्टीत मुरत होतं, म्हणून छताला डाग नाही. स्क्रूड्रायव्हर त्या पट्टीत मुठीपर्यंत गेला हो, उभी लाकडं मात्र टणक आहेत.

पट्टी बदलायची ठरली. प्लेटला वरून आणि बाजूने सिलिकॉन, खाली थोडी फट, आत गेलंच तर बाहेर पडायला. मेम्ब्रेनचं कॉन्ट्रॅक्टरने जरा तोंड वाकडं करून कबूल केलंय, आणि टाइल्सच्या आधी ड्रेनला बूच मारून शॉवरच्या तळात 24 तास पाणी साठवून बघायचं हे पण. पंखा, डीह्युमिडिफायर चालू आहे, भिंतीतल्या पाइपांचे मोजपट्टी धरून फोटो काढून ठेवलेत. नवरा आता सगळ्यांना सांगतोय की त्याला पहिल्यापासून शंका होती.

काका, तुमच्याकडे मॉइश्चर मीटर आहे का? शनिवारी न्यायला येऊ?

-----

या की. बॅटरी तेवढी घेऊन या, त्यातली संपलीय.