दोन इमारतींमध्ये १० गिगाबिट: जुनी कॅट-६ चालेल की फायबर ओढू?

कात्री_नाशिक: लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. बंगल्यात तीन पीसी, मागच्या शेडमध्ये नॅस (नेटवर्कवरचा स्टोरेज बॉक्स). मधे ७० मीटर कॅट-६ (तांब्याची नेटवर्क केबल), काळ्या पाइपातून. सध्या १ गिगाबिट, म्हणजे कॉपी सेकंदाला ११० एमबीच्या आसपास. फोर-के फुटेज पुढेमागे केलं की अडकतं. दोन्हीकडे एसएफपी-प्लसवाले (१० गिगाबिट मॉड्यूल बसवायची खाच असलेले) स्विच घेतोय. त्यात आरजे-४५ (नेहमीच्या नेटवर्क केबलच्या पिनचं) मॉड्यूल टाकून जुन्याच केबलवर भागेल का?

पॅचपॅनेल: नाही. कॅट-६ वर १० गिगाबिटची हद्द ५५ मीटर, तीही सगळं नीट असेल तर. १०० मीटर हवं तर कॅट-६ए. त्यात तुमची ती मॉड्यूल्स बहुधा ३० मीटरचीच असतात आणि तापतात किती, हात लावून बघा.

पंचिंग_टूल: अंतर सोडा हो, दोन इमारतींमध्ये तांबं नकोच. दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की झटका केबलमधून सरळ पोर्टात. एका कारखान्यात मी एका रात्रीत स्विच, एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा बॉक्स) आणि कॅमेरे सगळे गेलेले बघितलेत. वर मालक विचारतो, "यूपीएस होता ना?" यूपीएस काय करणार, झटका डेटाच्या वायरीतून आला!

सिंगल-मोड (लांब पल्ल्याची) फायबर ओढा, सहा कोअरची, म्हणजे आत सहा तंतू असलेली. लागतात दोनच, पण खोदाई पुन्हा कोण करणार? पाइप आहे म्हणून आर्मर्ड नको. त्यातलं पत्र्याचं आवरण अर्थ केलं नाही तर तीच भानगड. रॅकमध्ये नॅस ते स्विच मात्र एक-दोन मीटरची डॅक केबल (दोन्ही टोकांना मॉड्यूल पक्कं बसवलेली) लावा. तांब्याचीच, स्वस्त, आणि गरम होत नाही. तिथे फायबरचा हट्ट म्हणजे पैसे उडवणं.

कात्री_नाशिक: दादा, सिंगल-मोडचं मॉड्यूल १० किलोमीटरचं दिसतंय. ७० मीटरवर लेझर जास्त होऊन समोरचं जळणार नाही ना?

पंचिंग_टूल: एलआर, म्हणजे तेच १० किलोमीटरचं, बिनधास्त लावा. ४० किलोमीटरचं ईआर असतं तर अटेन्युएटर (प्रकाश कमी करणारा तुकडा) लागला असता. फायबरचं टोक शर्टाला पुसू नका, क्लीनिंग पेन घ्या. लिंक आली नाही तर आधी एका बाजूचे दोन एलसी (फायबरच्या टोकाचे कनेक्टर) आपसात बदला. निम्म्या वेळा टीएक्ससमोर (पाठवणाऱ्या बाजूसमोर) टीएक्सच आलेलं असतं.

पॅचपॅनेल: पीसीपर्यंत कॅट-६ए टाकणार असाल तर दुकानातच तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, परत करा.