हिरवं दिसलं म्हणजे जंगल झालं?

घाटमाथा
काल इथे कुणीतरी दोडामार्गकडच्या डोंगरउताराचे उपग्रहाचे दोन फोटो टाकले. आधी तपकिरी, आता हिरवागार. वर मथळा 'निसर्गाने करून दाखवलं', खाली टाळ्यांचा पाऊस. राहवेना म्हणून लिहितोय. सरकारी अहवालाच्या व्याख्येत एक हेक्टरवर झाडांच्या फांद्या-पानांचं दहा टक्के छत्र भरलं की झालं वनाच्छादन. झाड कुठलं, जमीन कुणाची, कुणी विचारत नाही. म्हणजे रबर जंगल, आकेशिया जंगल, हापूसची बागही जंगल!

मी तिलारीच्या बाजूला अशाच एका 'हिरव्या' उतारावर दोरीने १० बाय १० मीटरचा चौकोन आखून झाडं मोजलीत, छातीच्या उंचीला टेप लावून. निम्म्याहून जास्त चांदाडा. उरलेली किंजळ, तीही एकेका बुंध्यातून चार-चार फुटवे आलेली. म्हणजे कुऱ्हाड फिरून गेलेली. मुरलेल्या रानातली झाडं म्हणाल तर पिसा नाही, धूप नाही, रानजायफळ तर नाहीच. चांदाडा हा उघड्या पडलेल्या जागेवर पहिला येऊन बसणारा गडी. तो दिसला म्हणजे जखमेवर खपली धरली, एवढंच.

निवांत ठाणेकर
मग धरू दे की खपली! चांदाड्याच्याच सावलीत पुढची झाडं येतात. धीर म्हणून काही असतो की नाही?

घाटमाथा
येतात, बी आलं तर. धुपाचं, रानजायफळाचं बी वाऱ्यावर उडत येत नाही, धनेश पक्ष्याच्या पोटातून येतं. धनेशाला घरट्यासाठी ढोलीचं म्हातारं झाड लागतं. ते वखारीत गेलं. धीर कुणाच्या भरवशावर धरायचा?

सह्यभ्रमर
झाडांच्या यादीवर एवढा विश्वास? झाड हा सगळ्यात आळशी साक्षीदार. आमच्या गावची देवराई घ्या. यादी केलीत तर पैकीच्या पैकी मार्क. खाली बघा: सिमेंटचं देऊळ, सप्त्याचा मंडप, झाडून लख्ख केलेली जमीन, त्यावर गुरं. गुडघाभर उंचीचं एक रोप दाखवा, जेवण माझ्याकडून. म्हातारे मोजून गावाला बाळसं आहे म्हणणार का? बेडूक आणि पक्षी झाडांच्या कितीतरी आधी बोंब मारतात.

आणि पट्टी कुठली लावणार? केरळच्या दक्षिण टोकाला कोरडे महिने दोन-तीन, आपल्याकडे सहा-सात. महाबळेश्वरचं रान अंजनी, जांभूळ, पिसा यांच्यावरच उभं आहे. तिकडची यादी लावलीत तर ते जन्मतःच आजारी ठरेल.

काजूवाला
सगळे हुशार. आता जमीनमालकाचं ऐका. सिंधुदुर्गातलं बरंचसं रान खासगी आहे, तुमच्या दोरीखालची जमीनही कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असेल. बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा बाबांनी रान ठेकेदाराला दिलं. त्याने टनावर भाव केला, वजनात मारला. नंतर काजू लावला, त्यावर घर उभं राहिलं. आता काजू हत्ती आणि माकडं खातात, वर तुम्ही म्हणता हे जंगल नव्हे. झाडां मोजून पॉट भरणा नाय.

घाटमाथा
काजू लावा हो. त्याला जंगल म्हणू नका, एवढंच.

काजूवाला
आम्ही कधी म्हटलं? तुमच्या उपग्रहाने म्हटलं!

निवांत ठाणेकर
😂 हे बरोबर आहे.

घाटमाथा
आणि दर उन्हाळ्यात वणवा लागतो तो? तोही उपग्रहच लावतो का?

काजूवाला
माझी दोन एकर कलमं वणव्यात गेलीत, मला शिकवू नका. पंचनाम्याला फेऱ्या मारून चपला झिजल्या. जंगल राखायचं तर राखणाऱ्याला वर्षाला काही द्या. मी आज कुऱ्हाड खाली ठेवतो. देताय? की फक्त टेप घेऊन येताय?

सह्यभ्रमर
पैशाचा मुद्दा खरा आहे, पण धागा त्याचा नव्हता. घाटमाथा, तुमच्या चौकोनात रोपं मोजली होतीत का?

घाटमाथा
बुंध्याचा घेर ३० सेंटीमीटरच्या खाली असलेलं नाही मोजलं. आता म्हणा, सांगितलं होतं म्हणून.

सह्यभ्रमर
सांगितलं होतं. वरची झाडं आजोबांच्या काळाचं जंगल सांगतात, नातवंडांचं खाली बघून कळतं. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यात तर तुमची पद्धत मला मान्य. नाइलाजाने.

काजूवाला
माझ्या बागेच्या कडेला, ओढ्याकडे, काजूखाली एक रोप आलंय. ग्रासकटर मारताना तेवढं सोडलं. पोरगा म्हणतो धूप. मोजायचं तर या, पण जेवणाच्या वेळेला नको.

घाटमाथा
कोवळी पालवी लालभडक आहे का? पानाच्या कडेला दाते? फोटो टाका बघू.

काजूवाला
लाल आहे. फोटो जात नाही, इथे रेंज नाही. वर टेकडीवर गेलो की टाकतो.