उत्तनच्या किनाऱ्यावर सापडलेली भोकाची हिरवी चकती

वर एका दादांनी उत्तनच्या (भाईंदरजवळ, ठाणे जिल्हा) किनाऱ्यावर सापडलेल्या चकतीचा फोटो टाकून ही काय आहे विचारलंय आणि दोघातिघांनी ती साफ करायला पितांबरी लावा, लिंबू लावा असं सांगितलंय, प्लीज तसलं काही करू नका! एकदा घासलं की अक्षरं जातात ती परत येत नाहीत. आधी चुंबक लावून बघा, चिकटलं तर बहुतेक लोखंडी वॉशर असणार, नाही चिकटलं आणि मधलं भोक मोठं असेल तर मला तरी तो भोकाचा पैसा वाटतोय, १९४३ ते १९४७ मधला, युद्धात धातू वाचवायला भोक पाडलेलं. मुकुट आणि साल दिसतंय का ते तिरप्या उजेडात बघा, मोबाईलचा टॉर्च बाजूने धरायचा. पण चुंबकावर सगळं ठरवू नका हां, आपली नंतरची स्टीलची नाणीपण चिकटतात. साध्या पाण्यात बुडवून ठेवा, पाणी रोज बदला, मीठ निघालं पाहिजे, नाहीतर कपाटात ठेवूनही आतून खात राहतं.

ऐरोलीच्या एका ताईंचा मेटल डिटेक्टर (धातू शोधायचं मशीन) ओल्या वाळूत उगाच वाजतो तो बिघडलेला नाहीये, खाऱ्या पाण्यातून वीज वाहते म्हणून साधी एका फ्रिक्वेन्सीची मशीन गोंधळते. सेन्सिटिव्हिटी कमी करा किंवा कोरड्या वाळूत फिरा, नवीन घ्यायचंच असेल तर मल्टी फ्रिक्वेन्सी (एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं) नाहीतर पल्स इंडक्शनवालं (विजेचे छोटे झटके सोडून धातू शोधणारं) बघा.

आणि जमिनीत दडलेला ऐवज मिळाला आणि किंमत १० रुपयांवर असली तरी १८७८ च्या कायद्याने कलेक्टरला कळवावं लागतं, ठाण्यालाच ऑफिस आहे. काडतुसासारखं काही दिसलं तर हात न लावता ११२ ला फोन करा.