घोषणापत्रातील दुरुस्तीबाबत मदत हवी आहे
नमस्कार. मुलुंडमधील आमची इमारत महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खाली येते आणि नोंदणीकृत घोषणापत्रात, म्हणजे डिक्लरेशन डीडमध्ये, प्रत्येक सदनिकेचा सामाईक जागेतील अविभक्त हिस्सा टक्क्यांत दिलेला आहे. कलम ६ प्रमाणे हा हिस्सा सर्व मालकांच्या संमतीने, सुधारित घोषणापत्र नोंदवूनच बदलता येतो, हे वाचले आहे. आमचा प्रश्न मात्र गच्चीचा आहे. बिल्डरने ती वरच्या मजल्यावरील एकाच सदनिकेची मर्यादित सामाईक जागा, म्हणजे फक्त त्याच सदनिकेच्या वापरासाठी राखलेली जागा, म्हणून दाखवली असून पाण्याच्या टाक्या तिथेच असल्यामुळे गळती झाली की प्लंबरला कुलूप उघडण्याची वाट पाहत जिन्यात उभे राहावे लागते, आणि हे मला मुळीच रास्त वाटत नाही. केवळ गच्चीपुरती दुरुस्ती करायची असल्यास त्या सदनिकाधारकाच्या संमतीशिवाय काही मार्ग आहे का? कोणी अशी दुरुस्ती नोंदवली असल्यास कृपया मसुदा आणि प्रक्रिया सविस्तर सांगावी.