इंग्रजी वाक्प्रचार शिकवताना समोर मराठी म्हण ठेवावी का?

धागाकर्ती, नाशिकरोड

नववी-दहावीच्या मुलांना मी गेली काही वर्षे घरी इंग्रजी शिकवते. मुलांच्या हातातील मार्गदर्शक पुस्तकांत वाक्प्रचारांची दोन रकान्यांची यादी असते. डावीकडे इंग्रजी वाक्प्रचार आणि उजवीकडे त्याच्या तोडीचा म्हणून दिलेला मराठी वाक्प्रचार किंवा म्हण. ही पद्धत बंद व्हावी असे माझे ठाम मत आहे आणि त्याची कारणे येथे मांडते.

मागील आठवड्यात माझ्या एका विद्यार्थिनीने निबंधात लिहिले, की ती वर्गात पहिली आल्यापासून मैत्रिणी सतत तिचे 'लेग पुलिंग' करतात आणि तिला पुढे जाऊ देत नाहीत. तिच्या यादीत 'पुल समवन्स लेग' या वाक्प्रचारापुढे 'पाय ओढणे' असे छापलेले होते. इंग्रजीत त्याचा अर्थ एखाद्याची गमतीने फिरकी घेणे, काहीतरी खोटेच खरे भासवून त्याला क्षणभर फसवणे इतकाच आहे, तर मराठीत वर चढणाऱ्याला खाली खेचण्याला पाय ओढणे म्हणतात. शब्द तेच, अवयवही तोच, परंतु एकीकडे मैत्रीतील थट्टा आहे आणि दुसरीकडे मत्सर. मुलीची चूक नव्हती; यादीने तिला जे शिकवले तेच तिने प्रामाणिकपणे वापरले.

'बाइट द बुलेट' समोर 'दातओठ खाणे' लिहिलेलेही मी पाहिले आहे. त्या इंग्रजी शब्दांत राग मुळीच नाही. टाळता न येणारी अप्रिय गोष्ट मन घट्ट करून एकदाची पार पाडणे, असा त्याचा अर्थ आहे. 'ब्रेक अ लेग' ही तर रंगमंचावर जाणाऱ्या कलाकाराला दिलेली शुभेच्छा आहे, कारण नाटकवाल्यांमध्ये प्रयोगापूर्वी थेट शुभ चिंतणे अपशकुनी मानण्याची जुनी समजूत आहे. हे न सांगता मुलाला नुसते शब्द दिले, तर कालिदास कलामंदिरात पहिल्या प्रयोगाला उभ्या राहिलेल्या मित्राला ते म्हणावे की म्हणू नये, हे त्याला कसे कळणार?

म्हणून माझा क्रम असा आहे: प्रथम साध्या मराठी वाक्यात अर्थ, मग तो कोणी कोणाला कोणत्या प्रसंगी म्हणतात ते, आणि ठाऊक असेल तर त्यामागील चित्र. मराठी म्हण मुलांनी स्वतः शोधली तर उत्तम, पण ती आपण आधी हातात ठेवू नये.

भाषांतरकार, गंगापूर रोड

ताई, आपली उदाहरणे अचूक आहेत, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. दोष वाईट यादीचा आहे, पद्धतीचा नव्हे. 'ब्लो युअर ओन ट्रम्पेट' म्हणजे आपलीच टिमकी वाजवणे, 'टर्न अ ब्लाइंड आय' म्हणजे कानाडोळा करणे. या जोड्यांत मुलाला अर्थ तर कळतोच, शिवाय बोलणाऱ्याचा सूरही कळतो, जो आपल्या 'साध्या मराठी वाक्यात' कधीही उतरत नाही.

'किक द बकेट' घ्या. आपण साधा अर्थ सांगाल, 'मरण पावणे'. तो कोशाच्या दृष्टीने बरोबर आहे आणि वापराच्या दृष्टीने घातक आहे, कारण एखादा मुलगा शेजारच्या आजोबांच्या निधनाबद्दल सांत्वनाचे पत्र लिहिताना तो वापरून मोकळा होईल. मी 'गचकणे' हा एक शब्द उच्चारला, की हे कोठे बोलावे आणि कोठे बोलू नये, याचा उलगडा मुलाला त्याच क्षणी होतो. मातृभाषेने लहानपणापासून दिलेली ही जाण बाजूला ठेवून इंग्रजी शिकवणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

आणखी एक जोडी नाशिककरांनी तरी विसरू नये. 'कट ऑफ युअर नोज टु स्पाइट युअर फेस' याचा अर्थ रागाच्या भरात दुसऱ्याला त्रास द्यायला जाऊन स्वतःचेच नुकसान करून घेणे. आपल्याकडे शतकानुशतके 'आपले नाक कापून दुसऱ्याला अपशकुन' म्हणत आले आहेत. ज्या गावाचे नावच शूर्पणखेच्या नाकाच्या कथेशी जोडले जाते, तेथील मुलांना ही जोडी सांगायची नाही, तर कोणती सांगायची?

वाक्प्रचारामागील चित्रांविषयी तर मी अधिकच साशंक आहे. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' याचा अर्थ मुसळधार पाऊस. गवताने शाकारलेल्या छपरांवर झोपलेली कुत्री-मांजरे पावसात घसरून खाली पडत, ही त्याची कथा सर्वत्र सांगितली जाते, परंतु तिला कोणताही पुरावा नाही. जोनाथन स्विफ्टच्या १७३८ मधील लेखनात हा शब्दप्रयोग आढळतो, पण तो मुळात कसा जन्मला याचे निर्विवाद उत्तर आजही नाही. भाषेच्या तासाला दंतकथा कशासाठी सांगायच्या?

एक पालक, येवला

मी शिक्षक नाही, परंतु 'इट नेव्हर रेन्स बट इट पोर्स' याविषयी लिहावेसे वाटते. माझ्या मुलाच्या वहीत त्याच्यापुढे 'दुष्काळात तेरावा महिना' असे लिहिले आहे आणि अर्थाने ती जोडी बरोबरच आहे; संकट एकटे येत नाही, हेच दोघांना सांगायचे आहे. मात्र इंग्रजांच्या बोलण्यात संकटाचे रूप पाऊस आहे आणि आपल्या म्हणीत ते पावसाचे नसणे आहे. सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी येणारा अधिक महिना दुष्काळी वर्षात आला, की कणगीतले धान्य आणखी एक महिना पुरवावे लागे, ही आमच्या तालुक्यातील जुन्या माणसांची भोगलेली गोष्ट आहे. इंग्रजी वाक्याचा शब्दशः अर्थ लावून माझा मुलगा म्हणाला, की 'म्हणजे चांगलेच झाले ना, पाऊस आला तर?' त्याला उत्तर देताना मला दोन्ही गोष्टी सांगाव्या लागल्या, जोडीही आणि त्यामागील चित्रही. त्यामुळे आपण दोघे यांतील एकच निवडायला का सांगत आहात, हे मला कळले नाही.

धागाकर्ती, नाशिकरोड

'गचकणे' या उदाहरणापुढे मी निरुत्तर आहे आणि ते मोकळेपणाने मान्य करते. साध्या अर्थाने सूर हरवतो, हे माझ्या मांडणीतील उणे आहे. परंतु भाषांतरकार सरांनी निवडलेल्या जोड्या निवडक आहेत, हेही त्यांनी मान्य करावे. कोणती जोडी खरी आणि कोणती फसवी, हे ओळखायला दोन्ही भाषा मुरलेल्या लागतात, आणि चौदा वर्षांच्या मुलाजवळ नेमके तेच नसते. त्याला 'टिमकी वाजवणे' आणि 'पाय ओढणे' या दोन्ही जोड्या सारख्याच छापील आणि सारख्याच विश्वासार्ह दिसतात. येवल्याच्या पालकांनी मुलाजवळ बसून दोन्ही बाजू समजावल्या. यादी तसे बसत नाही.

देवळालीचा रहिवासी

वाक्प्रचारामागील चित्रे म्हणजे केवळ दंतकथा, या विधानाला माझा आक्षेप आहे आणि त्याचे कारण आमच्या गावातच आहे. ब्रिटनमध्ये आजही एखाद्याचे डोके ठिकाणावर नाही असे म्हणायचे असेल, तर 'गॉन डुलॅली' म्हणतात. हा शब्द म्हणजे आपली देवळाली. १८६१ मध्ये येथे ब्रिटिश फौजेची छावणी उभी राहिली आणि मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथे राहू लागले. मुंबईहून सैनिकांची जहाजे हिवाळ्याच्या हंगामातच सुटत, त्यामुळे ज्याचे जहाज हुकले त्याला पुढील हंगामापर्यंत कित्येक महिने येथेच काढावे लागत. काम नाही, उन्हाळा, आजारपण आणि घराची ओढ यांमुळे अनेकांचे मन बिघडे. त्या अवस्थेला सैनिक 'डुलॅली टॅप' म्हणत, आणि त्यातील 'टॅप' म्हणजे आपला 'ताप'. म्हणजे त्या इंग्रजी शब्दप्रयोगातील दोन्ही शब्द आपल्याकडून गेलेले आहेत. हे ऐकल्यावर आमच्या परिसरातील एकही मूल तो वाक्प्रचार विसरणार नाही. पुरावा नसलेल्या कथा जरूर वगळाव्यात, पण जेथे इतिहास ठाऊक आहे तेथे तो का लपवायचा?

भाषांतरकार, गंगापूर रोड

देवळालीचा इतिहास मला पूर्ण मान्य आहे आणि तो वर्गात सांगावा, यालाही माझी हरकत नाही. तथापि, त्या इतिहासावरून आजचा वापर कळत नाही, हा माझा मुद्दा कायम राहतो. छावणीतील त्या सैनिकांची व्यथा ऐकलेला मुलगा 'डुलॅली' हा शब्द गंभीर मनोविकारासाठी वापरील, पण आज ब्रिटनमध्ये तो हलक्याफुलक्या बोलण्यातच येतो. आपल्याकडील 'डोके फिरले आहे का?' यातील सूर त्याच्या जवळचा आहे.

याच कारणासाठी मी भाषांतरात एक पाऊल पुढे जातो. 'कॅरी कोल्स टु न्यूकॅसल' म्हणजे जेथे एखादी वस्तू मुबलक आहे तेथेच ती घेऊन जाणे. टाइन नदीकाठच्या न्यूकॅसलमधून कित्येक शतके समुद्रमार्गे लंडनला कोळसा जात असे, म्हणून हा शब्दप्रयोग. मी त्याचे 'लासलगावला कांदे नेणे' असे करतो. ही रूढ मराठी म्हण नाही, हे मी जाणतो, परंतु कांद्याची एवढी मोठी बाजारपेठ जिल्ह्यात असताना नाशिकच्या वाचकाला ते समजावून सांगण्याची गरज पडत नाही.

धागाकर्ती, नाशिकरोड

भाषांतरात आपण तसे करावे. तेथे वाचकाला इंग्रजी यावे अशी अपेक्षाच नसते. माझ्यासमोरील मुलाला मात्र उद्या इंग्रजी उताऱ्यात न्यूकॅसलच भेटणार आहे, लासलगाव नव्हे, म्हणून मी आधी न्यूकॅसलचा कोळसा सांगेन आणि मगच त्याला विचारीन, की आपल्या जिल्ह्यात असे काय म्हणता येईल. 'लासलगाव' हे उत्तर मुलेच देतील, याची मला खात्री आहे. येत्या सोमवारच्या तासाला 'डुलॅली' घेणार आहे. 'किक द बकेट' समोर सर्वांना 'गचकणे' लिहून घ्यायला सांगणार आहे, आणि 'पाय ओढणे' मात्र प्रत्येकाच्या यादीतून माझ्यासमोर खोडून घेणार आहे.