शब्दचर्चा : योनी, भग, अंग. मूर्तीच्या वर्णनात नेमका शब्द कोणता?

प्रश्न (कलाशिक्षक, धाराशिव)
नववीच्या सहलीसाठी तेर या आपल्या जिल्ह्यातल्या प्राचीन गावावर एक पानी माहितीपत्रक करायचं आहे. त्यात लज्जागौरी या प्राचीन देवतेच्या मूर्तीचं चित्र घ्यायचं आहे. वर्णनात 'योनी' लिहिलं की पालकांचे फोन येतात, 'विशिष्ट मुद्रा' लिहिलं तर मुलांना काही कळत नाही. 'जननेंद्रिय' चालेल का?

संस्कृत शिक्षिका, लातूर
'जननेंद्रिय' नको, सर. स्त्रीचं की पुरुषाचं, बाहेरचं की आतलं, यातलं काहीच तो शब्द सांगत नाही. मूर्तीत दिसतो तो बाहेरचा भाग. त्याला संस्कृतात नेमका शब्द 'भग'. 'योनी'चा आवाका बराच मोठा आहे. सुश्रुताच्या आयुर्वेद ग्रंथातल्या शारीरस्थान या शरीररचनेच्या भागात योनी शंखाच्या नाभीसारखी, तीन आवर्तांची सांगितली आहे आणि तिसऱ्या आवर्तात गर्भशय्या. म्हणजे मुखापासून गर्भापर्यंतचा सगळा मार्ग. 'चौऱ्याऐंशी लक्ष योनी' कीर्तनात ऐकताना कुणी दचकत नाही, कारण तिथे अर्थ आहे उगम, जन्म.

'भग'चं घराणंही बघा. भगवान, भाग्य, सौभाग्य सगळे त्याच घरचे. भगंदर हा शब्द तर दवाखान्याच्या पाटीवर ठळक अक्षरात असतो. पण आजच्या मुलाला 'भग' कळणार नाही, म्हणून पत्रकात 'योनिमुख' लिहा. आतल्या मार्गाला 'योनिमार्ग'. हे दोन वेगळे आहेत हे एकदा नीट सांगितलं की पुढचा घोळ टळतो.

मूर्तिशास्त्राचे अभ्यासक, छत्रपती संभाजीनगर
शब्दाआधी मूर्ती नीट बघू. डोक्याच्या जागी उमललेलं कमळ. हात कोपरात दुमडून वर, हातात बहुधा कमळकळ्या. मांड्या दोन्ही बाजूंना फाकलेल्या, गुडघे दुमडलेले. या ठेवणीला 'उत्तानपाद' म्हणतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, 72 व्या सूक्तात, पृथ्वी उत्तानपदेपासून जन्मली असं येतं, त्यावरून हे नाव रूढ झालं. तेर, भोकरदनकडच्या प्रतिमा लहान, हातात मावणाऱ्या. त्यांना 'मुंडकं तुटलेली बाई' म्हणणं सपशेल चूक, कमळ मुद्दाम घडवलेलं आहे. 'लज्जा' हा शब्दही लोकांनी नंतर दिला, घडवणाऱ्याने तो मूर्तीवर कोरलेला नाही. लोकसंस्कृतीचे अभ्यासक डॉ. रा. चिं. ढेरे यांनी या देवतेचा धागा रेणुकेशी जोडला. माहूरला रेणुकेचं फक्त मुख पूजेत आहे हे मुलांना माहीत असतंच, तिथून सुरुवात केली तर विषय परका वाटत नाही.

दुसरी चूक औंढ्याच्या, होट्टलच्या देवळांवर सुरसुंदरी, म्हणजे भिंतीवर कोरलेल्या सुंदर स्त्रिया, दाखवताना होते. सरसकट 'नग्न' म्हणून टाकतात. आधी घोट्यापाशी आणि मांडीवर बघा, वस्त्राची बारीक काठरेघ कोरलेली असते. मग कमरेची मेखला, छातीवर रुळणारा हार. कापड तलम आहे हे दगडात असंच दाखवतात. पोटावरच्या तीन वळ्या म्हणजे त्रिवली. ते सौंदर्यलक्षण आहे, झीज किंवा लठ्ठपणा नव्हे. जिथे वस्त्र खरोखर फेडलेलं आहे तिथेच 'विवस्त्रा' लिहा.

चित्रकला परीक्षक, नांदेड
थोडं मूर्तीच्या मापाबद्दल. 'ताल' म्हणजे 'डोकं' असं फळ्यावर लिहिलेलं असतं आणि तिथेच चित्र बिघडतं. ताल म्हणजे केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतचा चेहरा, 12 अंगुळं. मध्यम दशतालातली, म्हणजे दहा तालांची, देवी 120 अंगुळांची. आपण वर्गात शिकवतो ती साडेसात डोकी म्हणजे टाळूपासून हनुवटीपर्यंतचं माप. दोन्ही एक धरून मुलं दहा डोक्यांची देवी काढतात आणि पाय बांबूसारखे लांब होतात. आणि बाईची श्रोणी, म्हणजे कंबरेखालचा नितंबांचा भाग, रुंद काढायला सांगताना 'कंबर रुंद' म्हणू नका. कंबर बारीक, श्रोणी रुंद.

आरोग्यसेविका, बीड जिल्हा
तुमची चर्चा मूर्तीची आहे, पण शब्द चुकवल्याने काय होतं ते आमच्याकडे रोज दिसतं. गावात सगळ्याला 'अंग'. 'अंग बाहेर आलंय' म्हणजे गर्भाशय खाली सरकलंय. 'अंगावरून जातंय' म्हणजे योनिमार्गातून स्राव. 'अंगावर पाजते' म्हणजे स्तनपान. एका शब्दात तीन अवयव! नुसतं 'अंगाचा त्रास' सांगितलं तर उपकेंद्रात पहिली दहा मिनिटं कोणतं अंग हे शोधण्यातच जातात.

तसंच 'पिशवी'. 'पिशवी काढली' म्हणतात, पण गर्भाशय तेवढं काढलं की अंडाशयंही, हे बाईला सांगता येत नाही. फरक मोठा आहे. नुसतं गर्भाशय गेलं तर पाळी थांबते, अंडाशयांचं काम चालू राहतं. दोन्ही अंडाशयं काढली तर तिशीतल्या बाईलाही एकदम रजोनिवृत्ती येते, अंगाची आग होते, पुढे हाडं ठिसूळ होतात. बीडच्या ऊसतोड बायांच्या शस्त्रक्रियांवरून 2019 मध्ये चौकशी समिती नेमावी लागली, तेव्हा 'पिशवी' हा शब्द सगळ्या महाराष्ट्राने ऐकला. मुलीला नववीतच 'अंडाशय' आणि 'गर्भाशय' वेगळं म्हणता आलं पाहिजे. हे शब्द दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये छापलेले आहेतच, वर्गात मोठ्याने वाचले जावेत एवढंच.

सगळेच गावठी शब्द टाकू नका मात्र. स्तनाग्राला आमच्याकडे 'बोंड' म्हणतात, कपाशीच्या बोंडासारखंच. 'बोंडाला चीर पडली' हे नेमकंही आहे आणि बाईला लाजही वाटत नाही.

संस्कृत शिक्षिका, लातूर
ताई, 'अंग'चं उदाहरण मी वर्गात वापरणार.

पालक 'अश्लील' म्हणतील, त्यासाठी एक मुद्दा. काव्यशास्त्रात अश्लील हा दोष तीन तऱ्हांचा: लाज आणणारा, किळस आणणारा आणि अमंगल सुचवणारा. मृत्यू सुचवणारा शब्दही त्यात बसतो. म्हणजे अश्लीलता अवयवात नाही, शब्द कुठे आणि कसा आला त्यात आहे. 'काव्यप्रकाश' लिहिणाऱ्या मम्मटाने 'कटि' (कंबर) हा शब्द ग्राम्य, म्हणजे गावंढळपणाच्या, दोषाचं उदाहरण म्हणून दिला आहे, आणि आपला विठोबा कटीवर हात ठेवून उभा! कायद्यातही देवळावरच्या आणि प्राचीन स्मारकावरच्या शिल्पांना अश्लीलतेच्या कलमातून वगळलं आहे. पूर्वी ते भारतीय दंड संहितेचं कलम 292 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 294. 2007 मध्ये किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम राज्यात थांबवला गेला, तेव्हापासून शिक्षक या विषयात दबकून असतात, ते मी समजू शकते. पण मूर्तीचं वर्णन हा तो कार्यक्रम नव्हे.

प्रश्नकर्ते
मजकूर असा केला: 'लज्जागौरी. डोक्याच्या जागी कमळ, हातात कमळकळ्या. पाय उत्तानपाद ठेवणीत, योनीमुख स्पष्ट दाखवलेले. सृजनाची, सुफलतेची देवता.' पत्रक सहलीच्या आठ दिवस आधी पालकसभेत वाचून दाखवणार आहे.

संस्कृत शिक्षिका, लातूर
उत्तम. फक्त 'योनीमुख' नव्हे, 'योनिमुख'. शब्द सुटा असेल तर 'योनी' दीर्घ, समासात आला की 'नि' ऱ्हस्व.