बी विंगच्या नळाला परत करंट (बेळगावातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून)

सुनंदाकाकू (बी-५), सकाळी ६:५२: आज परत न्हाणीतल्या नळाला हात लावला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. माझा गिझर बंद होता, प्लग काढून ठेवलेला होता. तरीसुद्धा! गेल्या थंडीत सांगितलं, गणपतीच्या मिटींगला सांगितलं. माझी नात त्याच न्हाणीत आंघोळ करते. आता कुणी बघणार आहे का?

प्रकाशदादा, सेक्रेटरी (ए-२): काकू, नमस्कार. विषय नोंदवून घेतला आहे.

सुनंदाकाकू (बी-५): नोंद दोनदा झाली आहे दादा. वहीत.

संजू (बी-६): काकू आता चहा न घेताच तरतरी 😄

रोहिणी (ए-४): संजू, यात हसण्यासारखं काही नाही.

बसवराज अण्णा (बी-८): काकू, त्या नळाला कुणीही हात लावू नका री. आज बादली ए विंगमधून भरा. सगळ्यांनी एकदा नीट वाचा. बोअरच्या जड पाण्यानं गिझरच्या कॉइलवर थर बसतो, वरचं आवरण कुठंतरी फुटतं, आणि पाणी करंटला लागतं. अर्थिंग असेल तर तो करंट जमिनीत जातो. नसेल तर टाकीत, टाकीतून पाइपात. बी विंगला उभी पाइप जीआयची, म्हणजे लोखंडी, आणि एकच. एका घरचा गिझर, करंट पाच घरच्या नळाला. म्हणून ‘आमच्याकडं सगळं ठीक आहे’ असं कुणी म्हणू नका.

आप्पा (बी-१): आमच्याकडे सगळं ठीक आहे. मागच्याच वर्षी एमसीबी बसवला. आणि ज्यांचा मेंटेनन्स थकला आहे त्यांनी आधी तो भरावा, मग खर्चाच्या गोष्टी.

बसवराज अण्णा (बी-८): आप्पा, एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. १६ ॲम्पिअरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलीॲम्पिअर. माणसाला वाचवायला आरसीसीबी लागतो, तो ३० मिलीॲम्पिअरला पडतो. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यात फरक दिसला की तोडतो. माणूस गेला तरी एमसीबीला पत्ता लागत नाही.

संजू (बी-६): अण्णा, तसली एक डबी आमच्या घरात होती. पावसाळ्यात सारखी पडायची म्हणून घरमालकांनी काढून टाकली.

सुनंदाकाकू (बी-५): काढून टाकली??

बसवराज अण्णा (बी-८): ती बरोबर पडत होती की! आपल्याकडं जूनपासून भिंती ओल धरतात, जुन्या वायरचं इन्सुलेशन तडकलेलं असतं, तिथून करंट गळतो. ते शोधायचं सोडून डबी काढली. संजू, तुझा गिझर आत्ताच्या आत्ता बंद कर. स्विच नाही, प्लग काढ.

संजू (बी-६): काढला अण्णा. सॉरी काकू, सकाळी उगीच बोललो.

नितीन (ए-७, सध्या विनिपेग, कॅनडा): सगळ्यांना नमस्कार. इथं उणे ३० पर्यंत जातं, त्यामुळं जुन्या घरांचं वायरिंग थंडीतच उघडं पडतं. १९६५ ते ७५ च्या सुमाराच्या बऱ्याच घरांत ॲल्युमिनियमची वायर आहे. लोड आला की ती तापून फुगते, गेला की आकसते, स्क्रूखाली सैल होते, वर ऑक्साइडचा थर धरतो आणि जॉइंट जळतो. शिवाय इथं व्होल्टेज १२०, म्हणजे १५०० वॉटच्या हीटरला साडेबारा ॲम्पिअर. जुन्या घरात दोन खोल्यांना मिळून १५ ॲम्पिअरची एकच लाइन असते. दुसरा हीटर लावला की संपलं. त्यामुळं जुनं घर घेताना इन्शुरन्सवाले आधी वायरिंग आणि पॅनेल विचारतात.

संजू (बी-६): नितीनदादा, तिथं गाडीलाही प्लग लावतात म्हणे?

नितीन (ए-७, विनिपेग): हो, इंजिन गोठू नये म्हणून ब्लॉक हीटर.

रोहिणी (ए-४): म्हणजे गाडीचा बंब 😀

आप्पा (बी-१): कॅनडाचं कॅनडात. बेळगावात डिसेंबरला १४ डिग्री असते. आमच्या वडिलांनी शहापुरात जन्मभर बंबावर पाणी तापवलं. आणि ज्यांचा मेंटेनन्स थकला आहे त्यांनी आधी भरावा.

नितीन (ए-७, विनिपेग): आप्पा, तुमच्या मीटररूममधून वर येणारी लाइनसुद्धा ॲल्युमिनियमचीच आहे. १९८६ ची. मागच्या सुट्टीत फोटो टाकले होते, जॉइंट काळे पडलेले. तेव्हाचा लोड काय, दोन पंखे आणि ट्यूबलाइट. आज एकेका घरात २००० वॉटचे दोन गिझर, म्हणजे तिथल्या २३० व्होल्टला नुसते गिझरच जवळजवळ साडेसतरा ॲम्पिअर.

रोहिणी (ए-४): फ्यूजचं पण बोला. आमच्या कटआउटमध्ये फ्यूज वायरऐवजी कुणीतरी जाड तांब्याची तार वळून घातली आहे. ती कशाला वितळतेय? त्याआधी भिंतीतली वायर पेटेल.

प्रकाशदादा, सेक्रेटरी (ए-२): इलेक्ट्रिशियनचं कोटेशन आलं आहे, कन्नडमध्ये. फोटो टाकतो.

आप्पा (बी-१): मराठीत का नाही? सोसायटीत निम्म्याहून जास्त आम्ही आहोत.

बसवराज अण्णा (बी-८): आप्पा, मी वाचून सांगतो, त्यात काय. दोन नवे अर्थ पिट (करंट जमिनीत सोडायचे खड्डे), मीटररूमपासून तांब्याची मेन आणि अर्थ वायर, प्रत्येक घरी ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी, गिझरला ४ स्क्वेअर एमएम जाडीची वेगळी लाइन. जुना पिट टाकीमागं आहे, त्याच्यावर फरशी घातलीय. पार्किंगसाठी.

सुनंदाकाकू (बी-५): फरशी कुणी घातली हे सगळ्यांना माहीत आहे.

आप्पा (बी-१): ठरावानं घातली आहे. वही बघा.

नितीन (ए-७, विनिपेग): पिट उघडा ठेवाच. इथं जमीन गोठली की करंट जमिनीत नीट जात नाही, म्हणून रॉड खोल घालतात. आपल्याकडं तेच एप्रिल-मेमध्ये होतं, माती सुकते. पिटात पाणी घालावं लागतं.

शैलावहिनी (ए-१): लोड वाढला तर गृहज्योती, सरकारची मोफत विजेची योजना, जाणार नाही ना? आमचं बिल शून्य येतं.

बसवराज अण्णा (बी-८): वहिनी, अर्थिंग आणि आरसीसीबीनं युनिट वाढत नाहीत. योजनेत युनिट मोजतात, २०० च्या आत.

आप्पा (बी-१): ज्यांचा मेंटेनन्स थकला आहे...

सुनंदाकाकू (बी-५): आप्पा, माझा मार्चपर्यंत भरलेला आहे. पावती टाकू का ग्रुपवर? नातीला काही झालं तर ती पावती कुठं लावू?

(बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही.)

प्रकाशदादा, सेक्रेटरी (ए-२): रविवारी बी विंगच्या प्रत्येक घरचा गिझर मेगरनं (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) तपासायचा. लायसन्सवाला माणूस येईल. ज्याचा खराब निघेल त्यानं स्वतःच्या खर्चानं बदलायचा. पिट आणि मेन लाइन सिंकिंग फंडातून. रंगकाम पुढच्या वर्षी. तोवर बी विंगमध्ये कुणीही गिझर लावायचा नाही.

रोहिणी (ए-४): आणि पाण्यात सोडायचा रॉडसुद्धा नाही! आमच्याकडं या, पाणी तापवून देते.

बसवराज अण्णा (बी-८): आरसीसीबी बसल्यावर त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. दाबल्यावर पडला नाही तर तो मेलेला, बदलायचा.

प्रकाशदादा, सेक्रेटरी (ए-२): आप्पा, फरशी उचलावी लागेल. गाडी काढाल ना?

आप्पा (बी-१): काढतो. पण नऊच्या आधी येऊ नका, पूजा असते. आणि माझाही गिझर बघून घ्या.